कोंडिबा आबांचा डावा पाय

४ नोव्हेंबर
आज मांडवगण फराट्याच्या दवाखान्यात रुजू झाले. खोली दवाखान्याच्या वरच, खिडकीतून शेवंतीचं रान दिसतं. माझं काम पायातला रक्तप्रवाह तपासायचं. जेल लावून पेनाएवढा डॉपलर टेकवायचा. सुई नाही, दुखणं नाही. धमनी सापडली की हुश्श-हुश्श ऐकू येतं. झाडलोट करणाऱ्या रंभामावशींना त्यांच्याच पायाचा आवाज ऐकवला, तर म्हणाल्या, "पाटाला पानी सुटल्यावानी हाय की!" खूप हसलो.

७ नोव्हेंबर
कोंडिबा आबा आले, सोबत बायको बयाबाई. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. आता साखर आणि विडी. डाव्या पायातला आवाज बारीक, तुटका. पण पट्टा फुगवून घेतलेलं घोट्याचं प्रेशर दंडापेक्षा जास्तच भरलं; अडथळा असता तर कमी भरलं असतं, म्हणून मी 'नॉर्मल' लिहिलं. आबा म्हणाले, "पोरी, पाय बर्फावानी पडलाय, आन् तुझं मशीन म्हंतंय बरा हाय?" मी म्हणाले, आकडा खोटं बोलत नाही.

१९ नोव्हेंबर
आबांची बोटं काळी पडली. पुण्यात पाय मांडीपासून कापला. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, साखरेनं धमनी कडक होते, पट्ट्यानं दबत नाही, आकडा फसवतो. म्हणून आवाजावर जायचं.
आवाज मी ऐकला होता.

२३ नोव्हेंबर
आबा गेले.

२५ नोव्हेंबर
बयाबाईंना भेटून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोज ह्यांचा पाय चोळायचे. आता हातास्नी कामच न्हाई." माझा डावा पाय मांडीवर घेऊन चोळत राहिल्या. "ह्यांच्यावानीच गार हाय गं." आवाजात राग नव्हता. मला रडू आवरेना.

२७ नोव्हेंबर
डाव्या पायावर डॉपलर लावून पाहिला. आवाज नाही. रंभामावशी म्हणाल्या, चांगला येतोय की. मला काहीच—

२८ नोव्हेंबर
डॉक्टरांनी पायाची नाडी पाहिली. ठणठणीत आहे, दोन दिवस घरी जा म्हणाले. त्यांचं बोट पायाला लागलेलं मला कळलंच नाही.

२९ नोव्हेंबर
अंगठा काळा. फक्त मलाच दिसतो.

३० नोव्हेंबर, दुपार
आवाज घोट्यात नाही. गुडघ्यामागं नाही. जांघेत आहे — बारीक, तुटका, अगदी आबांचा —
गेला.
उजवा पायही. मनगटही —
खाली रंभामावशी पेशंटना सांगताहेत, बाई येतीलच आता. मानेला लावून बघते. हाक मारतेय, पण माझाच आवाज मला