दीक्षानं मोकळ्या ठेवलेल्या जागा

मी केरबा यल्लाप्पा कुरणे, वय ७२, निवृत्त पाली शिक्षक, मूळ गाव कोडोली, सध्या राहणार कोल्हापूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या दमदाटीवाचून हे लिहून ठेवतो. नजर अधू झाली आहे, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये.

१. राहतं घर पत्नी शेवंताबाईचं. तिच्या हयातीत वाटणीचा विषय काढू नये. तिच्यामागे ते मुलगा सूरज याचं.

२. बँकेतली शिल्लकही तिचीच. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला मंडप नको, भाषणं नकोत. "पालीचं काय लोणचं घालतोयस?" असं ज्यांनी जन्मभर विचारलं, त्यांनी तर तोंडच उघडू नये.

३. माझी कन्या दीक्षा हिच्या कॉम्प्युटरबाबत. बुद्धवचनांवरचे काही प्राचीन टीकाग्रंथ कायमचे हरवले. पुढच्या ग्रंथकारांनी त्यांतल्या ज्या ओळी उतरून घेतल्या, तेवढ्याच उरल्या. त्या मी शोधायच्या आणि दीक्षानं कॉम्प्युटरवर चढवायच्या, असं आमचं १९९७ पासून चाललं होतं. एकच ओळ तीन ग्रंथांत जराजरा वेगळी सापडली, तर दीक्षा तिन्ही रूपं ठेवी. ओळ तुटली तिथं जागा मोकळी सोडी. मी अंदाजानं शब्द सुचवला की म्हणायची, "आण्णा, न्हाय ते न्हाय म्हणूनच ठेवायचं." २००३ साली ती काविळीनं गेली. बापाआधी लेक गेली, याहून जास्त माझ्याच्यानं लिहवत नाही.

४. तिच्यामागे सूरज त्या कॉम्प्युटरपुढे बसू लागला. एके दिवशी मोठ्या हौसेनं म्हणाला, "आण्णा, त्याच त्या ओळी तीन-तीनदा हायत की! जादाच्या पुसल्या. मोकळ्या जागा बी काढल्या. आता कसं झ्याक दिसतंय!" तीन साक्षीदारांतल्या दोघांना कोर्टातून हाकलावं, तसं झालं. दीक्षानं प्रत काढून ठेवलेली जुनी फ्लॉपी आता उघडत नाही. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो नेसरीला जाऊन राहिला आणि आमचं बोलणं बंद झालं. बहिणीच्या मायेनंच तो कॉम्प्युटरपुढे बसत होता, हे मला कळतं. तरी राग जात नाही.

५. कॉम्प्युटर आणि माझे सर्व पाली ग्रंथ मी सूरजलाच देतो, दुसऱ्या कुणाला नाही. पुसलेल्या ओळी त्यानं ग्रंथांतून पुन्हा शोधाव्यात आणि दीक्षानं ठेवल्या होत्या तशा ठेवाव्यात. त्याला पाली येत नाही. घरात माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, तेव्हा शिकवायला मी नसेन. म्हणून याची एक प्रत आजच नेसरीला पाठवत आहे. सूरज, माझे डोळे आहेत तोवर ये.

सही : के. य. कुरणे

आमच्यासमक्ष सही केली :
१) गणपतराव ज्ञानू चौगुले, शेजारी
२) पूर्णिमा आदर्श सोनुले, शिक्षिका

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २००६