ती गोळी मला देऊ नये

मी, किल्लीवाल्याची विधवा, वय वर्षे एकाहत्तर, कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. मी शुद्धीवर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. टेबलाशी दोन लहान मुलं बसलेली मला दिसतात आणि ती तिथे नाहीत, हेही मला कळतं. एवढी शुद्ध माझ्या मुलाला कधीच नव्हती.

१. यजमानांनाही अशीच मुलं दिसत. हे त्यांना खेळायला जुन्या किल्ल्या देत आणि खुशीत असत. मुलाला मात्र पाहुण्यांसमोर लाज वाटे. शेजारच्या मावशींना विसरण्याचा आजार होता. त्या आरडाओरडा करत, म्हणून त्यांना शांत ठेवायची गोळी मिळाली होती. मी दुकानात असताना मुलाने त्यातलीच मागून आणली आणि ह्यांना दिली. वर मलाच म्हणाला, "आजार एकच ना, आई?"

एक नव्हता. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. मावशींच्या मेंदूत मुख्यतः आठवणीच्या कामाचं रसायन आटलं होतं. ह्यांचं तेही आटलं होतं आणि हातपाय हलवणारंही. गोळीने त्या उरल्यासुरल्याचीच वाट अडवली. हे लाकडासारखे ताठ झाले, घोटभर पाणी गिळता येईना, आणि गेले. मुलगा लोकांना सांगतो, "बाबा अगदी शांतपणे गेले." ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

२. घर आणि दुकान सुनेला. ह्यांच्या त्या मुलांसाठी ती टेबलावर दोन वाट्या जास्त मांडायची, कधी नाक मुरडलं नाही. मात्र ती गोळी कोणीही माझ्या तोंडात घातली, तर सगळं इस्पितळाला जाईल. वकील म्हणाले, "काकू, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं." म्हटलं, "ठाऊक आहे. जिवंतपणी माझं कोण ऐकतं? घरापायी तरी ऐकतील."

३. ह्यांच्या कानशी आणि किल्ल्या कापायचं यंत्र मुलाला. दोन कुलपं बाहेरून सारखी दिसली तरी एकाची किल्ली दुसऱ्यात कोंबू नये, हे वडिलांनी त्याला शिकवलं होतं. कपाळ माझं.

४. माझा मेंदू डॉक्टरीणबाईंना, तपासायला. "आई शांतपणे गेली" असं मुलाने कोणालाही सांगू नये. मी ओरडत जाईन, पण माझ्या तोंडाने ओरडत जाईन.

साक्षीदार: १. मेंदूच्या डॉक्टरीणबाई. २. मावशींची मुलगी. गोळी हिच्याच हातून गेली होती. तेव्हापासून आमच्या दारावरून मान खाली घालून जाते, पण सही करायला आली.

ठिकाण: दुकानामागची खोली. दिनांक: शिक्क्यात आहे तो.

सही: वाकडी आली, तरी माझीच आहे. टेबलाशी बसलेल्या दोघांनीही पाहिली.