चोवीस सप्टेंबरची योगिनी

बजाजनगर, २० मे २०२५

प्रिय योगिनी,

हे पत्र रत्नमालाताईंच्या हातून तुला मिळेल. आबांनी तुझा फोन काढून घेतल्याचं आणि पाच जूनला तुझं लग्न धरल्याचं आईनं सांगितलं. अंगणवाडीच्या ताई घरी आल्या तर कुणी संशय घेत नाही, म्हणून हा मार्ग. सगळ्यात आधी एक वाक्य लिहितो, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. हे लग्न मी होऊ देणार नाही.

मी ठीक आहे. कंपनीत कँटीनच्या दाराशी एक फळा आहे, त्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आलंय. अक्षर बरं आहे म्हणून. तुला माझा स्वभाव माहीत आहे. एक तारीख लिहायची तर तीन ठिकाणी तपासतो, तरी जेवता जेवता उठून फळा बघून येतो, की चुकली तर नसेल? आज लिहिलं की १८७३ साली याच दिवशी जीनच्या पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे चपटे खिळे, मारायचं पेटंट मिळालं. आमची लाइन रिव्हेटचीच, त्यामुळे पोरं खूश. कँटीनचे फकिरामामा सोडून. ते म्हणाले, "दीडशे वर्षं झाली व्हय? आन् तुमच्या पँटी तरी फाटत्यातच." खाली वास्को द गामाचीही आजचीच तारीख लिहिली होती, त्यावरूनही त्यांनी मला छळलं. म्हणे, तो कालिकतला पोचला तेव्हा त्याला चहा कुणी दिला, ते लिही.

एक जूनच्या फळ्याची तयारी मी आत्तापासून करतोय, कारण त्या दिवशी जागा पुरत नाही. १९३० साली दख्खनची राणी सुरू झाली ती एक जूनला. १९४८ साली पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली तीही एक जूनला. आणि आमच्या विभागातल्या एकशे बारा माणसांपैकी त्रेचाळीस जणांचा वाढदिवसही एक जूनला. माझाही त्यातच. कंपनी एकच केक आणते आणि त्रेचाळीस हात सुरीला लागतात. मागच्या वर्षी फकिरामामा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रं, सप्टेंबरात सगळ्या मराठवाड्याला सुट्टी असती काय?" सगळे हसले. मीही हसलो. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तारीख विचारली, घरच्यांना ती सांगता आली नाही, मग गुरुजींनी एक जून टाकली. इतकं साधं आहे ते. कुणाचं त्यात काही बिघडलं नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

तुझी तारीख मात्र मला माहीत आहे, योगिनी. माझ्या आयुष्यात एकच तारीख मला कुठेही तपासावी लागत नाही. २४ सप्टेंबर २००७, सोमवार. गणपती बसलेले होते. आईला दुपारपासून कळा येत होत्या, सुईणीनं आबांना आणि मला घराबाहेर काढलं, आणि आम्ही दोघं आप्पासाहेबांच्या ओसरीवर टीव्हीपुढं जाऊन बसलो. वीस षटकांच्या विश्वचषकाची फायनल. आबांचा एक डोळा मॅचवर आणि एक आपल्या घराच्या वाटेवर. शेवटच्या षटकात आपल्यांनी तो झेल पकडला, आपण जिंकलो आणि गावात फटाक्यांची लड लागली. तेवढ्यात सुईणीची सून पळत आली आणि ओरडली, पोरगी झाली. आप्पासाहेबांनी आबांना चिडवलं, "कारभारी, पोरगी झाली आन् फटाके?" आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मंग? माझ्या पोरीसाठी आख्खा देश फटाके वाजवतोय." मी आठ वर्षांचा होतो. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

तोच माणूस परवा फोनवर मला म्हणाला, "एक जूनला ती अठराची होतीया. कायद्यात बसतं. स्थळ चांगलं हाय, पोराची स्वतःची पिकअप गाडी हाय." मी म्हटलं, आबा, आपण वर्ल्ड कप कधी जिंकलो होतो? त्यांनी शेवटचं षटक चेंडूचेंडूनं सांगितलं. मी विचारलं, मग त्या दिवशी घरी काय झालं होतं? त्यांनी विषय शाळेवर नेला. मग म्हणाले, "शाळेच्या कागदावर एक जून हाय. कागद खोटा हाय का? बोल की." फोन माझ्याच हातून बंद झाला.

तो मी का बंद केला, हे सांगायला हे पत्र लिहितोय. २०१३ च्या जूनमध्ये आबा मेंढरांमागे होते आणि तुला शाळेत घालायला मी नेलं होतं. मी चौदा वर्षांचा. गुरुजींनी तारीख विचारली, मी बरोबर सांगितली. ते म्हणाले, सहा पूर्ण नाहीत, पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी तू शाळेत आली नसतीस, मेंढरांमागे गेली असतीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बाहेर गेलो, लिंबाखाली थोडा वेळ थांबलो आणि परत येऊन म्हणालो, चुकलो गुरुजी, एक जून लिहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. तर तो कागद खोटा आहे आणि तो मी केलाय. तू बारावी झालीस ती त्या खोट्यामुळे, आणि आता त्याच खोट्याच्या आधारानं तुला बोहल्यावर उभं करतायत. मी आता गप्प बसणार नाही. तुझ्या जन्माची नोंद रत्नमालाताईंनी तेव्हाच ग्रामपंचायतीत केली होती, तो दाखला मी काल रजा टाकून, घरी कळू न देता काढून आणला. बालविवाह रोखायचं काम ग्रामसेवकाकडे असतं. त्यांच्याकडे अर्ज दिलाय, नाव-पत्ता घालून, सही करून. खोटी तारीख सांगितली म्हणून माझ्यावर काही झालं तर होऊ दे. रविवारी पहिल्या जीपनं गंगापूरला उतरतो आणि तिथून घरी येतो. आबा आधी मला मारतील. मारू देत, तू मध्ये पडू नकोस. पण माझ्या दाखल्यानं लग्न फक्त सप्टेंबरपर्यंत थांबेल, पुढचं थांबवायला तो पुरणार नाही. त्यांचा हात थांबला की अंगणात ये, त्यांच्या डोळ्यांत बघ आणि तुझ्या तोंडानं सांग की मला शिकायचंय. मी तुझ्या शेजारी उभा असेन.

तुझाच,
खंडूदादा