सरिताच्या यंत्रातला जुना कॅपॅसिटर

मी घनश्याम डोमाजी खोब्रागडे, वय एकाहत्तर, धंदा टीव्ही, इन्व्हर्टर व पंपांच्या बोर्डांची दुरुस्ती, राहणार बालाघाट, मध्य प्रदेश. डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. वकीलसाहेब हिंदीत लिहा म्हणत होते, पण घरातले शेवटचे बोलणे मी मराठीतच करणार.

१. राहते घर मुलगी आम्रपाली हिला. मागच्या खोलीचे छत गळते, ते आधी बघावे. बँकेतली ठेव तिला आणि मुलगा अश्विन याला निम्मी-निम्मी.

२. दुकानातली हत्यारे हट्टा गावचा कारागीर राकेश मेश्राम याला. तो बोर्ड उघडून बघितल्याशिवाय 'बदला' म्हणत नाही. मात्र जुन्या बोर्डांवरून काढून ठेवलेल्या सुट्या भागांचे चार डबे त्याला देऊ नयेत, भंगारात घालावेत. बसस्टँडजवळचा सर्व्हिस सेंटरवाला मला कबाडी, म्हणजे भंगारवाला, म्हणायचा. त्याला दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या मी परत घेतो.

३. अख्खा बोर्ड बदलणे म्हणजे बटण तुटले म्हणून सदरा फेकणे, असे मी चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आलो. बहुतेक वेळा ते खरेही ठरले, आणि त्याचाच मला माज चढला.

माझी बायको सरिता हिची फुप्फुसे अधू होती. ती हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या यंत्रावर असायची. २०१९ च्या एप्रिलात त्याचा बोर्ड बिघडला. अश्विन म्हणाला, "बाबा, नवीन बोर्ड मागवून घेऊ. आठ दिवसांत येते. तोवर सिलिंडर हाये ना."

"काहून? एक कॅपॅसिटर तं फुगला हाये," मी म्हणालो.

नवा कॅपॅसिटर गोंदियाहून आणायला एक दिवस लागला असता. मी टीव्हीच्या जुन्या बोर्डावरचा काढून लावला. मीटरवर आकडा बरोबर आला. गार असताना तो येतोच. तासन् तास तापल्यावर असा म्हातारा भाग किती टिकेल, हे मीटर सांगत नाही, आणि मला ते ठाऊक होते. यंत्र चालू झाले. सरिता म्हणाली, "मले आता बरं वाटून राह्यलं जी." मी खूश होऊन भाड्याचा सिलिंडर परत केला.

अकराव्या दिवशी भर दुपारी यंत्र बंद पडले. सिलिंडर येईपर्यंत सरिता गेली.

४. त्या सकाळी अश्विनने यंत्र खिडकीजवळ नेले होते आणि स्टॅबिलायझरविना जोडले होते. सगळ्या नातेवाइकांसमोर मी त्याला विचारले, "स्टॅबिलायझर काहून काढला रे?" तो उठून बाहेर गेला.

चार दिवसांनी मी यंत्र उघडले. विजेचा दाब वाढला असता तर आधी फ्यूज उडाला असता. फ्यूज शाबूत होता. फुटला होता तो मी लावलेला कॅपॅसिटर. मी झाकण परत लावले आणि कोणाला सांगितले नाही. दोष माझा होता, अश्विनचा तिळमात्र नव्हता.

अश्विनने किरनापूरला दुकान टाकले. तो स्टॅबिलायझरविना कोणालाच फ्रिज विकत नाही, गिऱ्हाईक परत गेले तरी. लोक हसतात. एकदा मीही त्यांच्यात हसलो. त्याची मला फार लाज वाटते.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. तिसरे आणि चौथे कलम तोवर थांबणार नाहीत. साक्षीदार शालिकराम, माझा शेजारी, त्या दोन कलमांची नक्कल घेऊन आजच किरनापूरला जाईल. माझ्या मातीला येण्याची अश्विनवर कोणी सक्ती करू नये.

सहीआधी हे वाचून शालिकराम म्हणाला, "काहून सांगतं आता, घनश्याम? पोरगा तुह्यं तोंड नाही पाहणार."

"हौ, नाही पाहिलं तं चालन," मी म्हणालो. "सहा वर्षांत त्यानं मायचा फोटो घरात लावला नाही. तो तं लावन."

सही: घनश्याम डोमाजी खोब्रागडे
साक्षीदार: शालिकराम बोरकर
साक्षीदार: राकेश मेश्राम, हट्टा
बालाघाट, १२ नोव्हेंबर २०२५

शालिकरामची नोंद: वरची सही माझ्यासमोर झाली. नक्कल मिळाली. बाराच्या बसने निघतो.