भोपळा नसलेलं पान

देवास

प्रिय अजेय,

मराठी वाचताना तुझी गाडी अडखळते हे ठाऊक आहे मला, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, तेव्हा नेटानं शेवटपर्यंत वाच. कालच धारहून आले. आठवडाभर शाळा, मग इंदूरला बस बदलून इथे देवासला, रविवारी पुन्हा उलटी चक्कर. जीव अगदी मेटाकुटीला आलाय रे. बाबांचा उजवा हात अजून उचलला जात नाही, आणि बोलणं म्हणशील तर दोन-तीन शब्द. अर्धांगाचा आणखी एक झटका आला तर भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. तुला कळवलं तेव्हा बघतो म्हणालास. चार वर्षं तू बघतोच आहेस. बाबा तुझं नाव काढत नाहीत, तू त्यांची तब्येत मला विचारतोस, आणि मधल्यामध्ये माझा पोस्टमन झालाय.

असो. तू बनवलेला गेम मी खेळून पूर्ण केला. हो, मीच, जिला तू मोबाइलसुद्धा धड चालवता येत नाही म्हणून चिडवायचास. इथे आले की दुपारी बाबांना औषध देऊन त्यांच्या पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसायचे. काय छळ मांडलायस भिया, बहिणीचा! महालक्ष्म्यांच्या जेवणाची पंगत, सगळी माणसं जागच्या जागी थिजलेली, देवीची नथ गायब. आपण मधून फिरायचं, बघायचं, कुठल्या पाटावर कोण ते नावानिशी लावायचं आणि चोर पकडायचा. मदत म्हणून काही नाही. सगळं बरोबर आलं तरच देवघरातली घंटा वाजणार, नाहीतर ढिम्म. कुठे चुकलं तेही सांगत नाहीस. एवढा दुष्टपणा कुठे शिकलास?

नथ धाकट्या चिऊनं घेतली हे मी लगेच ओळखलं, तिच्या मुठीला हळद लागली होती. आणि घर तर काय, आपलंच. तो आवाज करणारा पंखा, माईचं हिरवं लुगडं, खिडकीतून दिसणारी टेकरी. तू गेल्यानंतरच्या वर्षी मी घरच्या ग्रुपवर पंगतीचा फोटो टाकला होता, त्याच्यावरून काढलंस ना सगळं? बाबासुद्धा तसेच, पाठमोरे आणि वाकलेले. खेळणाऱ्याला वाटावं, या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटतेय. ते बघून मला तुझा राग आला, खरंच सांगते.

मी अडकले ती शेवटच्या रिकाम्या पाटापाशी. रांगोळी काढलेली, पान वाढलेलं, बसलेलं कोणी नाही. यादीत दोनच नावं उरलेली. एक सवाष्ण, आणि दुसरा मनन, घर सोडून गेलेला मुलगा. मी डोळे मिटून मनन लावलं. घंटा नाही. मग बाकीच्यांवर संशय घेत बसले, मावशा बदलून पाहिल्या, चिऊला निर्दोष सोडलं, सगळं उलटंपालटं केलं. कितीतरी दुपारी त्यात गेल्या. शेवटी वैतागून त्या पाटावर सवाष्ण टाकली आणि घंटा वाजली. म्हणजे मननचं पान कुठेच नाही, असं तू ठरवून टाकलंस! मला रडूच फुटलं.

अरे, एवढा डिटेक्टिव गेम करणारा तू, आणि स्वतः काढलेलं पान नीट पाहिलं नाहीस? फोटोत जे दिसलं ते इमानदारीनं उतरवलंस. त्या पानात लाल भोपळा नाही. बाकी सगळ्यांच्या पानात आहे. आपल्याकडे सवाष्णीच्या पानात सोळा भाज्यांतली एक कमी वाढतील का कधी? माईनं जन्मात तसं होऊ दिलं नसतं. आणि भोपळा पाहिला की पानावरून उठून पळणारं आपल्या घरात कोण होतं, तेही मीच सांगू? ग्रुपवर कोणीतरी तो रिकामा पाट कोणाचा म्हणून विचारलं, तेव्हा माईनं सवाष्ण यायची आहे म्हणून लिहिलं, कारण तुला कळू द्यायचं नाही, अशी बाबांनी आम्हाला गौरीची शपथ घातली होती. तुला उंबरा चढू नकोस म्हणणारे तेच, आणि दरवर्षी सोवळं नेसून तुझं पान स्वतःच्या हातानं वाढणारेही तेच. फोटोत ते पाठमोरे आहेत ना, ते वाढताहेत. शपथ मी मोडली. देवीला काय सांगायचं ते मी बघून घेईन.

आता हे का लिहायला बसले ते सांगते. घंटा वाजली तेव्हा बाबा जागे होते. स्क्रीनकडे बघत होते, किती वेळ कोण जाणे. डावा हात उचलून त्या पाटाकडे बोट केलं आणि चूक, चूक म्हणून ओरडायला लागले. मी सवाष्ण काढून पुन्हा मनन ठेवलं तेव्हा कुठे शांत झाले. घंटा वाजली नाही, पण त्यांना तिची गरज नव्हती. मग माझा हात धरून, यंदा पान तू वाढ, अशी खूण केली. मी मान हलवली, नाही म्हटलं. माझ्यात आता ते त्राण नाही, अजेय. भरलेलं पान संध्याकाळी गाईपुढे नेताना दरवर्षी बाबांचा चेहरा मी पाहिलाय. महालक्ष्म्या पुढच्या महिन्यात आहेत. मी पाट मांडीन, रांगोळीही काढीन. वाढीन मात्र तू येऊन बसलास की. भोपळा केलेला असेल, तुझ्या पानात नसेल.

तुझीच,
थकलेली मेधाताई