मामींचे आभार आणि पहिलं सीताफळ

रेल्वे क्वार्टर, मुदखेड
सोमवार, दुपारची सुटी

प्रिय रविकिरणराव यांना दाजींचा प्रभू येशूच्या नावात सलाम.

देवाच्या दयेनं आम्ही इकडं खुशाल आहोत. लातुरात तुम्ही, पुनम आणि लेकरं बरी असाल अशी आशा करतो. तुमचा बसलेला घसा उघडला का? (तुमची ताई मनिषा म्हणते, लहानपणापासून आनंदाची गोष्ट जवळ आली की तुमचा घसा बसतो, तेव्हा काळजीचं कारण नाही.) तुमचा निरोप पोचला. नवं घर राहण्याजोगं झालं, महिनाअखेर येऊन आईला कायमची लातूरला घेऊन जाणार, दाजींना फार दिवस त्रास दिला, असा तो निरोप. फोनवरच बोललो असतो. पण आजकाल कुणाचाही फोन आला की तुमच्या आई, म्हणजे आमच्या मामी, शेजारी येऊन बसतात आणि ‘फोन लागला, देवा तुझे आभार’ इथून जी सुरुवात करतात, ती समोरच्याची बॅटरी उतरेपर्यंत चालते. तेव्हा हे पत्र. मामींना नेण्याआधी तुम्ही कशाला हात घालताय हे तुम्हाला नीट ठाऊक असावं, एवढाच माझा स्वच्छ हेतू आहे.

मामींची जेवणाआधीची प्रार्थना तुम्ही ऐकली आहे, पण ती उदगीरची. मुदखेडला आल्यापासून ती पुष्कळ वाढली आहे. ताटात भाकरी आणि पिठलं असलं, की आधी ज्वारीचे आभार, मग ती खुरपणाऱ्या बाईचे, मग गिरणीवाल्याचे (गिरणीच्या पट्ट्याचे वेगळे, कारण आमचं दळण चालू असताना तो तुटला नाही), मग गॅसच्या टाकीचे, ती खांद्यावर आणून देणाऱ्या माणसाचे आणि शेवटी त्याच्या खांद्याचे. तोवर पिठल्यावर साय धरते. एकदा भुकेनं माझा जीव कासावीस झाला आणि मी मधेच मोठ्यानं ‘आमेन’ ठोकून दिलं. मामींना वाटलं, जावयाच्या अंतःकरणाला प्रार्थना भिडली. त्यांनी त्याबद्दलही देवाचे आभार मानले आणि मिरचीपासून पुन्हा सुरू केलं. फारच भरून आलं तर त्या कानडीत शिरतात. ‘देवरे, निनगे स्तोत्र’, म्हणजे देवा तुझी स्तुती असो, एवढं मला कळतं, आणि ती प्रार्थना संपल्याची खूण नव्हे हे मला फार उशिरा कळलं.

बरं, हे घरात चाललं तर चाललं. मी स्टेशनावर तिकीट खिडकीत बसतो हे तुम्ही जाणता. परवा मामी डबा घेऊन थेट खिडकीशी आल्या, रीतसर रांगेत उभ्या राहून आल्या, आणि डबा आत सरकवून तिथंच डोळे मिटले. ‘देवा, माझ्या जावयाला सावलीतलं काम दिलास, डोक्यावर फिरता पंखा दिलास, तुझे आभार.’ मागं नांदेडला जाणारी भली मोठी रांग. ती ओरडेल म्हणून मी धास्तावलो, तर एका पागोटेवाल्या आजोबांनी हात जोडले, त्यांचं बघून मागच्यांनी जोडले, आणि बघता बघता सगळी रांग डोळे मिटून उभी! प्रार्थना झाल्यावर आजोबा म्हणाले, ‘बाई, माझ्या म्हशीसाठी बी दोन शब्द बोला की. लई दिवसांनी गाभण हाय.’ मामी म्हणाल्या, ‘हाव, तिचं नाव काय?’ त्या दिवशी गाडी उशिरा आली म्हणून माझी नोकरी वाचली. घरी आल्यावर मामींनी गाडीच्या उशिराबद्दल आभार मानले. मीही मनातल्या मनात मानले, खोटं कशाला बोलू.

आणि ‘पयलं देवाचं’ हा त्यांचा नियम! घरात जे काही नवं येईल त्याचा पहिला वाटा देवाचा. दुधाचा पहिला पेला, भाजीची पहिली जुडी, इथवर माझी हरकत नव्हती. पण मी स्कूटर घेतली तेव्हा तिची पहिली फेरीसुद्धा देवाची ठरली, म्हणजे अर्थात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची. (पाळकसाहेबांचं आडनाव भुजंग, पण माणूस गायीसारखा. नाही म्हणणं त्यांना जमतच नाही.) त्यांना स्कूटर चालवता येत नव्हती, हे लोकांनी आम्हा दोघांना बाभळीतून बाहेर काढल्यावर त्यांनी सांगितलं. मामींनी ओरखड्यांना हळद लावली आणि काटे डोळ्यांत गेले नाहीत म्हणून आभार मानले. स्कूटरच्या आरशाचा विषय त्यांनी देवापुढं काढला नाही, मीही काढला नाही.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला अर्धं ठाऊक आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मनिषाचा देवावर राग आहे. पूर्वी चर्चमध्ये गाणं तीच उचलायची, तिच्या सुरावर सगळी मंडळी चालायची. आता येते, बायकांच्या बाजूला बसते, तोंड उघडत नाही. मी एकदा समजवायला गेलो तर म्हणाली, ‘ज्यानं माझे बाबा नेले त्याचेच आभार मानू का?’ मामींच्या लांबलचक प्रार्थनेत मी चोरून एक डोळा उघडतो तेव्हा मनिषा दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीकडं बघत असते. मामींना हे माहीत आहे. एवढ्या महिन्यांत त्यांनी तिला एका शब्दानं टोकलं नाही, उपदेश केला नाही, पाळकसाहेबांना मधे घातलं नाही. तिच्या शेजारी बसून त्या फक्त रोज मोठ्यानं आभार मानत राहिल्या. स्वतःचा नवरा गेलेली बाई गिरणीच्या पट्ट्याचे आभार मानते, याचं मला आधी हसू यायचं. हल्ली येत नाही.

बाबांनी उदगीरहून डब्यात घालून आणलेलं सीताफळाचं रोप आमच्या परसात आहे. यंदा त्याला फळ धरलं. एकच. मनिषानं त्याला वटवाघळांच्या भीतीनं आपली जुनी ओढणी बांधली होती आणि सकाळ-संध्याकाळ ती त्याला बघून यायची. परवाच्या शनिवारी, म्हणजे हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी, मामींनी ते तोडलं. ‘पयलं हाय, देवाचं हाय,’ एवढंच बोलल्या आणि टोपलीत ठेवलं. त्या दिवशी मनिषाच्या हातून भांडी फार वाजली आणि वरणात मीठ दोनदा पडलं. (मामींनी मिठाचे आभार मानले. एकदाच.)

आमच्या मंडळीतला हंगामाचा सण तुम्ही पाहिलेला नाही म्हणून सांगतो. लोक आपापलं पीक, भोपळे, सोयाबीन, कोंबड्या वेदीपुढं आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. जो वस्तू घेईल त्यानं ती हातात धरून मंडळीसमोर कुठल्या तरी एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, मगच घरी न्यायची, अशी रीत आहे. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की सीताफळ सोडवायचं आणि गुपचूप मनिषाच्या हातात ठेवायचं. आता पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं, आणि मधे सजावटीला उसाच्या मोळ्या अशा उभ्या केलेल्या की पलीकडचं माणूस दिसू नये. सीताफळ पुकारलं. मी बोली लावली. उसापलीकडून एका बाईनं ती चढवली. मी चढवली. तिनं चढवली. आवाज जड, बसलेला, कुणाचा ते कळेना. एका सीताफळासाठी इतकी हाव! ‘कोण आहे ही बया?’ असं मी शेजारच्या भावाला म्हणालोसुद्धा. पाळकसाहेबांना समोरून दोघंही दिसत होती, पण त्या भल्या माणसाला वाटलं, नवरा-बायको ठरवून देवाला जास्त देताहेत, म्हणून ते हर्षानं पुकारतच राहिले. शेवटी माझ्या खिशानं हात टेकले आणि मी गप्प बसलो.

उसाआडून मनिषा बाहेर आली. सगळी मंडळी हसली, मीही हसलो. मग माझं हसू जागीच थांबलं. अहो, स्वतःच्या बायकोचा आवाज मला ओळखू आला नाही, कारण त्या जागेत तो मी दोन वर्षांत ऐकलाच नव्हता.

तिनं फळ उचललं. ते तोवर इतकं पिकलं होतं की तिला दोन्ही हातांची ओंजळ करावी लागली. रीतीप्रमाणं सगळे वाट बघत राहिले. पाळकसाहेब हळूच म्हणाले, ‘राहू द्या ताई, बसा.’ ती बसली नाही. फळाकडं बघत म्हणाली, ‘मला असे बाबा होते. त्यांच्यासाठी, देवा, तुझे आभार.’

रविकिरणराव, मी उसाच्या मोळीला धरून रडलो आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. मामींकडं बघितलं. वाटलं, आता कानडी सुरू होणार. पण त्या बाईनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. मी त्यांच्या प्रार्थनांची एवढी थट्टा करतो, पण खरं सांगू का, एवढी धीराची बाई मी पाहिली नाही. घरी आल्यावर ते सीताफळ तिघांनी खाल्लं. वाट्याला आल्या त्या बहुतेक बियाच.

असो. पुनमला आणि लेकरांना आशीर्वाद. नव्या घरात देवाची शांती राहो.

तुमचे दाजी,
आनंदराज

ता.क. पत्र वाचून झालं असेल तर आता खरं काय ते सांगतो. मामींना नेऊ नका. तुमच्या नव्या घराच्या प्रार्थनेला मी स्वतः त्यांना घेऊन येतो आणि स्वतःच परत आणतो. वर जे त्रासाचं लिहिलं आहे ते तुम्ही घाबरावं म्हणून लिहिलं. त्यांच्यामुळं आमचं घर पुन्हा घर झालंय हो. हवं तर माझी स्कूटर घेऊन जा.

ता.क. २. रवि, ताई लिहितेय. हे पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. यांचं ऐकू नको, आईला घेऊन जा. पुनमनं मला सगळं सांगितलंय. बाबा गेल्यापासून तू ताटावर बसलास की कुणी डोळे मिटायच्या आत घास घेतोस, आणि रविवारी बाकीचे चर्चला निघाले की तू झोपून राहतोस. माझंही तसंच होतं. आई तुला काही म्हणणार नाही, नुसती शेजारी बसेल. तुला राग येईल, येऊ दे. मला ती हवी आहे, पण आता तुला जास्त हवी आहे.

ता.क. ३. तिनं हे शाईनं लिहिलंय, खोडायला गेलो तर दिसेल. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला जीव होत नाही. मायलेकी आत भाकऱ्या थापत गाताहेत, मनिषा सुरात आणि मामी आपल्या मनानं. तेव्हा घेऊन जा, पण महिनाअखेर नको. नाताळ झाल्यावर या. मला हे अजून थोडं ऐकायचं आहे.