शेडमध्ये एकटी नको

प्रिय ठमे,

बाळाला दात आले का? सासूबाईंचा गुडघा कसा आहे? झाली विचारपूस. सकाळपासून कागद घेऊन बसतेय आणि उठतेय, पायाला भिंगरी लागल्यासारखी.

लेथवर लोखंड कातायला शिकलेल्या आपण दोघी, आणि कारखान्याने बसवलं कुठे, तर पॅकिंगला. बायकांना लेथ झेपत नाही म्हणे! भरलेली खोकी उचलताना मात्र झेपतं का, असं कोणी विचारलं नाही. मग बाळंतपणात तुझी नोकरी सुटली आणि फोरमनला आयतं कोलीत मिळालं. बघा, बायकांना शिकवून काय उपयोग, निघून जातात, असं तो अजून येताजाता ऐकवतो. तुला परत का घेतलं नाही, ते मात्र सांगत नाही.

आता गंमत ऐक. चांगले कारागीर एकेक करून दुसरीकडे गेले, नवे मिळत नाहीत. निम्मे लेथ कापड पांघरून झोपलेत. पंपाच्या शाफ्टची मोठी ऑर्डर हातची गेली, आणि मालक येईल त्या पाहुण्याला सांगतात, देशात कुशल माणसंच उरली नाहीत, मग प्रगती व्हायची कशी! मी शेजारीच खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. ठमे, इतका संताप आला म्हणून सांगू!

काल सरळ मालकांच्या केबिनमध्ये घुसले. लेथ द्या, चाचणी घ्या म्हटलं. फोरमनच्या देखत शाफ्ट करून दाखवला. त्याने उलटसुलट करून मोजला, खोट काही निघेना. तरी घोडं अडलंच. शेडमध्ये सगळे पुरुष, एकटी बाई नको, जबाबदारी कोण घेणार? दोघी असाल तर सोमवारपासून या, नाहीतर विषय संपला, असं मालक म्हणाले.

आणि मी तुझं नाव देऊन आले. तुला न विचारता. तू तयारच आहेस असंही ठोकून दिलं. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. बाळाला सांभाळायला माझी आई एका पायावर तयार आहे. तुझ्या घरच्यांची बोलणी मी खाईन, मला सवय आहे. रविवारी दुपारी येते. तुझं मन नसेल तर तसं तोंडावर सांग, मी भांडेन, रडेन आणि परत जाईन. पण मन असेल तर घरच्यांसाठी नाही म्हणू नकोस. एकटीला ते लेथ देणार नाहीत, ठमे.

तुझीच,
भांडकुदळ